दुधातलं लाल प्रथिन आणि करोना : त्या फॉरवर्डमधलं खरं किती?

विरजण (धागाकर्ता)

काल सांगलीहून मावशीचा फोन. "अरे, तुझं सगळं आयुष्य डेअरीत गेलं आणि आम्हाला कधी बोलला नाहीस?" मी दचकलोच. निघालं ते असं, की तिच्या भजनी मंडळाच्या गटावर एक निरोप फिरतोय. 'दुधात करोनाला मारणारं नैसर्गिक प्रथिन सापडलं, परदेशी शास्त्रज्ञांनीही मान्य केलं.' खाली गाय-वासराचं चित्र, आणि शेवटी 'रोज सकाळी अनशापोटी पेलाभर कच्चं दूध घ्या'. मावशीला एवढंच विचारायचं होतं, की कच्चं दूध घ्यावं, की चीक मिळाला तर चीकच बरा.

निरोप सपशेल खोटा असता तर फोनवरच मिटलं असतं. तो अर्धा खरा आहे, म्हणून हा धागा.

त्या प्रथिनाचं नाव लॅक्टोफेरिन. सोरेनसन नावाच्या संशोधकांनी १९३९ मध्ये दुधातलं 'लाल प्रथिन' म्हणून त्याची पहिली नोंद केली. ते शुद्ध स्वरूपात वेगळं काढायला मात्र १९६० साल उजाडलं. लाल का, तर ते लोह धरून बसतं. रेणूचे दोन गोलसर भाग, आणि प्रत्येक भागाच्या खोबणीत लोहाचा एक अणू. आमच्या प्रयोगशाळेत एकदा नमुना म्हणून त्याची पूड आली होती. शेंदरी-गुलाबी, थेट नाचणी सत्वाच्या रंगाची. शिपाई म्हणाला, "साहेब, हे दुधातलं? दूध तर पांढरं." बरोबरच होतं त्याचं. गाईच्या लिटरभर दुधात हे जेमतेम ०.१ ग्रॅम असतं, रंग दिसणार कुठून?

हे फक्त दुधात असतं असं मात्र नाही. आपल्या अश्रूंत, लाळेत, नाकातल्या स्रावात आणि पांढऱ्या रक्तपेशींच्या पोटातल्या कणांतही ते असतं. जिथून जंतू आत शिरू शकतो त्या बहुतेक दारांवर शरीराने याला बसवलंय. जिवाणूंना वाढायला लोह लागतं, लॅक्टोफेरिन ते लोह आधीच उचलून ठेवतं.

विषाणूंना अडवण्याची तऱ्हा वेगळी. लॅक्टोफेरिनवर धन विद्युतभार असतो. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर हेपारान सल्फेट नावाच्या ऋणभारित साखळ्यांचं गवत माजलेलं असतं. अनेक विषाणू आधी या गवताला लटकतात आणि मग आत शिरायचा दरवाजा शोधतात. लॅक्टोफेरिन त्या गवतावर आधीच जाऊन बसतं, म्हणजे विषाणूला हात टेकायला जागा उरत नाही. २००३ च्या सार्सचा विषाणू याच पद्धतीने अडतो असं २०११ मध्ये दाखवलं गेलं होतं. नव्या करोनालाही एसीई-२ च्या (पेशीत शिरायचा त्याचा मुख्य दरवाजा) जोडीला हेपारान सल्फेट लागतं, हे २०२० मध्ये कळलं. मग दोन अधिक दोन करायला वेळ लागला नाही.

मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी १,४२५ औषधं आणि औषधांचे उमेदवार करोनाग्रस्त मानवी पेशींवर एकामागून एक टाकून पाहिले. १७ टिकले, त्यांत हे दुधातलं प्रथिनही होतं. २०२१ मध्ये ते छापून आलं. मावशीच्या निरोपातले 'परदेशी शास्त्रज्ञ' बहुधा हेच.

पुढचं जेवून लिहितो. भाकरी गार होतेय.

साधामाणूस

वाचतोय. लवकर जेवा.

कुंदा_नाशिक

छान लिहिलंय विरजणकाका. आमच्याकडे २०२० मध्ये सासूबाईंनी हळदीच्या दुधाचा असा काही मारा केला होता, की मुलगा अजून पिवळं काही दिसलं की पळतो. आयुष मंत्रालयाच्या सूचनेतही होतं ते, दीडशे मिली गरम दुधात अर्धा चमचा हळद. म्हणजे हळदीचं माहीत नाही, पण दुधाने काम केलं असं म्हणायचं का? (दिवे घ्या.)

निसर्गस्नेही

आपल्या पूर्वजांना हे आधीच ठाऊक होतं. देशी गाईचं ए-टू दूध आणि चीक, यावर पिढ्या पोसल्या. आता परदेशातून शिक्का आला की आपल्याला पटतं. आणि हे संशोधन पुढे का गेलं नाही, तेही उघड आहे. दुधाचं पेटंट कोण देणार? औषध कंपन्यांनी दाबलं.

विरजण

आलो.

@कुंदाताई, तुमचा प्रश्न गमतीचा नाही, नेमक्या जागी बोट ठेवलंय. आपण दूध तापवतो. पिशवी आधीच पाश्चराइझ झालेली असते तरी उतू जाईपर्यंत तापवतो, आणि दुपारी चहाच्या वेळी पुन्हा. ७२ अंशांना १५ सेकंदांचं पाश्चरायझेशन लॅक्टोफेरिन बऱ्यापैकी सोसतं. उकळीला त्याची घडी मोडते. लोहाने भरलेलं असेल तर जरा जास्त तग धरतं, पण दुधातलं बहुतेक लॅक्टोफेरिन लोहाने पुरतं भरलेलं नसतंच. तेव्हा सासूबाईंच्या दुधात मुलाला कॅल्शियम मिळालं, प्रथिनं मिळाली, प्रेम मिळालं. विषाणूविरोधी लॅक्टोफेरिन पातेल्यातच संपलं होतं.

@निसर्गस्नेही, ए-वन आणि ए-टू हा बीटा-केसीन या वेगळ्याच प्रथिनातला फरक आहे. त्यातल्या ६७ व्या जागी एकात प्रोलीन आणि दुसऱ्यात हिस्टिडीन, इतकाच. लॅक्टोफेरिनचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. म्हशीच्या दुधातही लॅक्टोफेरिन असतंच.

ऑकलंडकर

'दाबलं' यावर राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं. मी राहतो त्या देशात लॅक्टोफेरिन काढणारे मोठमोठे कारखाने आहेत. स्किम दूध किंवा चीजची निवळी एका विशिष्ट राळेच्या स्तंभातून सोडतात. धनभारामुळे हे प्रथिन राळेला चिकटून राहतं, बाकीचं वाहून जातं. मग मिठाच्या पाण्याने ते सोडवून घेतात. लिटरला ०.१ ग्रॅम धरलं तर सगळं हाती लागूनही एका किलोला दहा हजार लिटर दूध लागणार. त्यामुळे माल महाग आणि नफा दणदणीत. बाळांच्या पावडरीत घालतात, गोळ्या करून विकतात. हे करोनावर खात्रीने चाललं असतं तर सगळ्यात आधी ढोल याच कंपन्यांनी बडवले असते. दाबायचं कुणी आणि का?

अभ्यासू_बोका

+१. गोळ्या विकणारेही व्यापारीच की.

विरजण, पेशींवर चाललं इथपर्यंत समजलं. पण पेशींवर काय चालत नाही? मलेरियावरचं हायड्रॉक्सीक्लोरोक्विनही चाललं होतं. तो विदा आपण इथेच चघळला होता, तेव्हा मीही त्या बाजूने तावातावाने भांडलो होतो. जुने धागे उकरू नका कृपया.

पेट्रीडिश

@बोका, उकरले. 😄

पण हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची चूक समजून घेण्यासारखी आहे, तिथेच याचं वेगळेपण कळतं. ते चाललं होतं माकडाच्या मूत्रपिंडापासून केलेल्या व्हेरो पेशींवर. विषाणू पेशीत दोन वाटांनी शिरू शकतो. एक वाट पेशीच्या आतल्या आम्लधर्मी पिशवीतून जाते. दुसरी थेट पृष्ठभागावरून, टीएमपीआरएसएस-२ नावाच्या विकराच्या मदतीने. व्हेरो पेशींत ते विकर जवळजवळ नसतं, त्यामुळे तिथे पहिलीच वाट उरते, आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन नेमकी तीच अडवतं. माणसाच्या फुप्फुसातल्या पेशींत दुसरी वाट सताड उघडी असते. २०२० मध्येच फुप्फुसाच्या पेशींवर ते फसलं, आणि ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत रुग्णांवरही फसलं. पुढच्या दाराला राक्षसी कुलूप, मागचं दार वाऱ्यावर.

लॅक्टोफेरिनच्या बाबतीत मिशिगनवाल्यांनी हा सापळा टाळायचा प्रयत्न केला होता. पहिली चाळणी यकृताच्या ह्यूह-७ पेशींवर लावली. मग मूलपेशींपासून वाढवलेल्या फुप्फुसाच्या वायुकोशांच्या पेशींवरही पाहिलं. तिथेही ते चाललं. लागणारी मात्राही अवाच्या सवा नव्हती, मिलिलिटरमागे साधारण २५ मायक्रोग्रॅमला निम्मा संसर्ग थांबत होता. म्हणजे हा उमेदवार क्लोरोक्विनपेक्षा कसदार होता. मीही तेव्हा आशेवर होतो, लपवत नाही.

मृणाल२७

मग माणसांवर काय झालं ते सांगा ना कुणीतरी! दोन प्रतिसादांपासून गाडी त्याच स्टेशनात उभी आहे.

विरजण

सांगतो. तीन चाचण्या, तिन्ही लक्षात ठेवण्यासारख्या.

पहिली रोमची. ९२ रुग्ण, लक्षणं नसलेले किंवा सौम्य-मध्यम आजाराचे. त्यांतल्या ३२ जणांना लॅक्टोफेरिन तोंडाने आणि नाकातूनही दिलं. त्यांची आरटीपीसीआर लवकर निगेटिव्ह आली. बातम्या याच्याच झाल्या. पण कुणाला काय दिलंय हे सगळ्यांना माहीत होतं, खोटं औषध घेणारा गट नव्हता, आणि तुलनेचा एक गट तर घरी विलगीकरणात होता. सौम्य करोना आपोआपच बरा होतो. अशा आजारात 'लवकर बरा झाला' हे ठरवायला फार कडक शिस्त लागते.

दुसरी पेरूतली, आरोग्य कर्मचाऱ्यांवर. आजार होऊच नये म्हणून लॅक्टोफेरिन द्यायचं. एकूण २०९ जण, अर्ध्यांना खरं आणि अर्ध्यांना खोटं, घेणाऱ्यालाही पत्ता नाही आणि देणाऱ्यालाही. लॅक्टोफेरिनच्या १०४ जणांत ११ बाधित झाले, खोट्या गोळीच्या १०५ जणांत ९. संख्या लहान आहे, त्यावरून 'लॅक्टोफेरिनने करोना वाढतो' असं कुणी म्हणू नये. पण संरक्षण काही दिसलं नाही.

तिसरी इटलीतच, २०२३ मध्ये छापून आलेली. रुग्णालयात दाखल झालेले २१८ रुग्ण, रोज ८०० मिलिग्रॅम लॅक्टोफेरिन किंवा खोटं औषध. मृत्यू, अतिदक्षता विभागात जावं लागणं, लवकर सुधारणं, कशातच फरक नाही.

आता मावशीसाठीचं गणित. ८०० मिलिग्रॅम म्हणजे गाईचं कच्चं दूध आठ लिटर. रोज. आणि तेवढं पिऊनही वरचा निकाल.

बाळंतविडा

मी नवजात अतिदक्षता विभागात काम करते. हा धागा वाचून जुनी जखम ताजी झाली, कारण आमच्या क्षेत्रात हीच गोष्ट करोनाच्या आधी घडून गेलीय.

अकाली जन्मलेल्या बाळांना रक्तात जंतुसंसर्ग होण्याची भीती सतत असते. २००९ मध्ये इटलीतल्या ४७२ बाळांवरची चाचणी आली. दुधातून गाईचं लॅक्टोफेरिन दिलेल्या बाळांत उशिरा होणारा जंतुसंसर्ग ठळकपणे कमी. आम्ही हरखलो होतो. साधं दुधातलं प्रथिन, स्वस्त नसलं तरी निरुपद्रवी, आणि आईच्या चिकात तर ते भरभरून असतंच, म्हणजे निसर्गाचीच वाट. मग ब्रिटनमध्ये २,२०३ बाळांवर मोठी चाचणी झाली, एल्फिन नावाची. २०१९ मध्ये निकाल आला. काहीही फरक नाही. त्या दिवशी आमच्या विभागात चहा कुणी नीट प्यायला नव्हता.

तेव्हा करोनातल्या बातम्या वाचून मी खांदे उडवले, तर सहकारी म्हणाले तू निराशावादी झालीस.

ऑकलंडकर

आमच्याकडेही ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड मिळून १,५४२ बाळांवर चाचणी झाली होती. तिथेही ठळक फायदा नाही.

खवय्या_कोल्हापूर

म्हणजे आईच्या दुधाचाही उपयोग नाही असं म्हणायचंय का ताई? घरात सून बाळंत आहे, गोंधळ नको म्हणून विचारतो.

बाळंतविडा

अजिबात नाही, खवय्याकाका! उलट. बरं झालं विचारलंत.

पावडरमधलं गाईचं लॅक्टोफेरिन वरून देणं वेगळं, आणि आईचं दूध वेगळं. आईच्या पहिल्या चिकात लिटरला पाच-सात ग्रॅम लॅक्टोफेरिन असतं, नंतरच्या दुधातही एक-दोन ग्रॅम. गाईच्या दुधाच्या कित्येक पट. शिवाय ते एकटं नसतं. आयजीए प्रतिपिंडं, लायसोझाइम, जिवंत पेशी, खास शर्करा, सगळी वरात असते. वरातीतून एकट्या नवरदेवाला उचलून दुसऱ्या मांडवात उभं केलं तर लग्न लागत नाही, एवढंच त्या चाचण्यांनी सांगितलं. एल्फिनमधल्या अनेक बाळांना आईचं दूध मिळत होतंच.

करोनात सुरुवातीला काही ठिकाणी बाधित आईपासून बाळ दूर ठेवलं. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र मास्क लावा, हात धुवा आणि अंगावर पाजत राहा असंच सांगितलं. सूनबाईला पहिला चीक पाजला ना? पिळून टाकला नाही ना? एवढं विचारून घ्या.

जाता जाता: मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. अशा पेढ्यांत दान आलेलं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवतात. त्यात लॅक्टोफेरिनचा बराच भाग जातो, हे माहीत असूनही तापवतात, कारण जंतू परवडत नाहीत. तरीही पावडरच्या दुधापेक्षा ते बाळाला सरसच. आतड्याचा जीवघेणा दाह कमी होतो.

खवय्या_कोल्हापूर

पाजला, पाजला. आजेसासू 'पिवळं दूध नको' म्हणत होत्या, सूनबाईने ऐकलं नाही. आता कळलं तिचंच बरोबर होतं. पण हे आजेसासूंना मी सांगणार नाही, मला या घरात जेवायचंय.

भुईमूग

आमच्या गोठ्यात चार म्हशी, दोन गाई. चिकाचं इथं चाललंय म्हणून दोन शब्द. वासराला जन्मल्यावर तासा-दोन तासांत चीक पाजायचा, नाहीतर ते लुळं पडतं, हे आमचे आजोबाही सांगायचे. पशुवैद्यक म्हणाले, गाईच्या वारेतून वासराला प्रतिपिंडं जात नाहीत, सगळी चिकातूनच मिळतात. माणसाच्या बाळाला पोटात असतानाच बरीच मिळालेली असतात. म्हणजे चिकावर पहिला हक्क कुणाचा ते सांगायला नको. करोनात शहरातून फोन यायचे, "चीक आहे का, इम्युनिटीसाठी हवाय". मागतील तो भाव द्यायला तयार. काही जणांनी वासरं उपाशी ठेवून चीक विकला. आमच्या भागातलंच सांगतोय, नावं घेत नाही.

अभ्यासू_बोका

@भुईमूग, सुन्न झालो वाचून.

@पेट्रीडिश, पण मग चुकलं कुठे? पेशींत चाललं, फुप्फुसाच्या पेशींतही चाललं, तंत्र समजतंय, सुरक्षित आहे. माणसात का नाही?

पेट्रीडिश

दोन कारणं मला पटतात.

एक, वाट. आपण ते गिळतो. जठरात पेप्सिन त्याचे तुकडे करतं. त्यातल्या लॅक्टोफेरिसिन नावाच्या तुकड्याला स्वतःचे जंतुनाशक गुण आहेत, पण तो आतड्यात. विषाणू बसलाय नाकात आणि फुप्फुसात. ८० हजार डाल्टनचं धूड आतड्यातून रक्तात आणि तिथून वायुकोशाच्या ओल्या पृष्ठभागावर पुरेशा मात्रेत पोचणं अवघड. बशीत आपण ते थेट पेशींच्या डोक्यावर ओततो.

दोन, वेळ. लॅक्टोफेरिन विषाणूला दारात अडवतं. रुग्ण इस्पितळात येतो तेव्हा विषाणू घरभर फिरून झालेला असतो, आणि धिंगाणा आपल्याच प्रतिकारशक्तीचा चाललेला असतो. म्हणून तर त्या टप्प्यावर डेक्सामेथासोनसारखं जुनं स्टेरॉइड कामी आलं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. पॅक्सलोविडसारखी विषाणूविरोधी गोळीसुद्धा पाच दिवसांच्या आत सुरू करावी लागते.

नाकात फवारा ही वाट मला अजूनही तर्कशुद्ध वाटते, नाकात ते निसर्गतःच असतं. पण तर्कशुद्ध क्लोरोक्विनही होतं, त्यामुळे मी जीभ आवरतो.

आणि कच्च्या दुधाबद्दल. २०२४ मध्ये अमेरिकेत गाईंना बर्ड फ्लू झाला, तेव्हा आजारी गाईंच्या कच्च्या दुधात जिवंत विषाणू प्रचंड प्रमाणात सापडला. लॅक्टोफेरिन त्याच दुधात होतं! पाश्चरायझेशनने मात्र तो विषाणू निकामी झाला.

विरजण

हे शेवटचं मावशीला आजच सांगतो. कच्च्या दुधातून होणारे आजार म्हणून तिला ब्रुसेलोसिस सांगून पाहिलं, क्षय सांगून पाहिला, ढिम्म. बर्ड फ्लूला ती घाबरते, कोंबड्या आहेत तिच्याकडे.

साधामाणूस

माझ्या बायकोला सातव्या महिन्यात रक्त कमी म्हणून डॉक्टरांनी लॅक्टोफेरिनची पाकिटं दिली होती. ती पण फसवणूक का?

बाळंतविडा

नाही हो. तो वेगळा वापर आहे. गरोदरपणातल्या रक्तक्षयावर दिवसातून दोनदा १०० मिलिग्रॅम, असे अभ्यास इटलीत झाले. लोहाच्या गोळ्यांनी होणारी मळमळ आणि बद्धकोष्ठता याने कमी होते, ही त्याची जमेची बाजू. डॉक्टरांनी दिलं असेल तर बंद करू नका. फक्त गाईच्या दुधाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. दूध पचत नाही ते नव्हे, अंगावर पित्त उठतं किंवा दम लागतो ती ॲलर्जी.

निसर्गस्नेही

माझा मुद्दा दाबल्याचा होता, तो मागे घेतो. ऑकलंडकरांचं पटलं. पण दूध वाईट नाही, हे तरी मान्य कराल की नाही?

विरजण

दूध वाईट म्हटलं तर माझं निवृत्तिवेतन कुणाच्या जिवावर आलं ते विसरल्यासारखं होईल. प्या की. तापवून प्या.

मावशीशी बोललो. कच्चं दूध रद्द. पण आता तिने खरवसाचा हट्ट धरलाय. "औषध नाही तर नाही, खायला तर चालेल?" म्हटलं वाफवल्यावर त्यात लॅक्टोफेरिन कसलं उरतंय, पण गूळ, वेलची आणि जायफळ मात्र सढळ हाताने घाल.

भुईमूग

विरजणकाका, मावशी सांगलीत कुठे? आमची थोरली म्हैस पुढच्या आठवड्यात व्यायची आहे. पहिल्या दिवसाचा देणार नाही, तो वासराचा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचा बाटलीभर पाठवतो. पैसे नको, खरवसाची वडी परत पाठवा.

विरजण

विपु (विचारपूस) बघा, पत्ता तिथे टाकलाय.